उंच गाडीच्या काचेवर पाणी येतं कुठून?

उंच गाडी का घेतली, असं हैदराबादेत कुणाला विचारलं की उत्तरात पाऊस हमखास येतो. मलकपेटचा रेल्वे पूल, खैरताबादचा चौक, राजभवन रस्ता, टोलीचौकी, माधापूर ही पाणी साचण्याची ठिकाणं इथल्या माणसाला तोंडपाठ असतात. जमिनीपासून सव्वादोनशे मिलिमीटर उंच पोट असलेली गाडी हा त्यावरचा उतारा वाटतो. इंजिन आणि पाय कोरडे ठेवण्यापुरतं ते खरंही आहे. काचेचं गणित मात्र निराळं. रुंद टायर बसवलेली उंच गाडी रस्त्यावरच्या डबक्यात वेगानं शिरली की तिच्या पुढच्या काचेवर गढूळ पाण्याचा पडदा पडतो. शेजारून जाणारी ठेंगणी हॅचबॅक पुष्कळदा चार थेंबांवर सुटते. गाडी उंच झाली म्हणजे काच पाण्यापासून लांब गेली, हा समज पहिल्या पावसातच मोडतो.

हा पडदा किती महाग पडतो ते आधी मोजू. वायपरची एक गती तरी मिनिटाला किमान ४५ फेऱ्यांची हवी, असं अमेरिकी आणि युरोपीय नियम सांगतात. म्हणजे एक पूर्ण फेरी साधारण १.३ सेकंदांची. पाऊस थांबलाय, वायपर बंद आहे आणि अचानक पाणी आलं, तर हात दांडीकडे जाणं, पाती हलणं आणि काचेतून पुन्हा काही दिसू लागणं यात सहज दोन सेकंद जातात. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर. या ३३ मीटरमध्ये रस्त्यावर काय काय असू शकतं, ते हैदराबादकराला सांगायला नको. उघडं मॅनहोल, उलट्या बाजूनं येणारी स्कूटर, मधेच थांबलेली ऑटो. वेग २० असता तर हेच अंतर ११ मीटर झालं असतं. पाऊस ओळखून आपोआप चालू होणाऱ्या वायपरचा इथे फारसा उपयोग नाही, कारण त्याचा सेन्सर काचेवर पाणी आल्यावरच जागा होतो.

आता पाणी येतं कसं ते पाहू. १९७० च्या दशकात अमेरिकेत अवजड ट्रकांनी उडवलेल्या पाण्यावर बराच अभ्यास झाला आणि त्या वेळी केलेली चार वाटांची विभागणी आजही वापरात आहे. टायर पाण्यावर चढताना काही पाणी समोर ढकलतो, ती पुढची लाट. काही पाणी दोन्ही बाजूंना पंख्यासारखं फाकतं, ती बाजूची लाट. टायरच्या खाचांमध्ये भरलेलं पाणी चाकाबरोबर वर जातं आणि वाटेत भिरकावलं जातं. आणि रबराला चिकटून राहिलेला पातळ थर बारीक तुषार होऊन हवेत मिसळतो. बाजूची लाट फुटपाथवरच्या माणसाच्या नशिबी येते. तुषार मागच्या गाडीला छळतात. स्वतःच्या काचेवर येणारं पाणी असतं ते पुढच्या लाटेचं आणि खाचांनी उचललेलं. या दोन वाटा कुठे उघड्या पडतात, एवढंच शोधायचं आहे.

पाण्याचं प्रमाण आधी डोळ्यांसमोर आणू. टायरची रुंदी, पाण्याची खोली आणि वेग यांचा गुणाकार केला की एक चाक सेकंदाला किती पाणी दूर सारतं ते कळतं. महिंद्राच्या थारला २५५ मिलिमीटर रुंदीचे टायर येतात. रस्त्यावर एक सेंटीमीटर पाणी आहे आणि गाडी ताशी ६० नं जाते आहे, तर एकटं चाक सेकंदाला साडेबेचाळीस लिटर पाणी हलवतं. म्हणजे दर सेकंदाला दोन मोठ्या बादल्या, त्याही एका चाकाच्या. मारुतीच्या जिम्नीचे टायर १९५ मिलिमीटरचे आहेत. तिथे हाच आकडा साडेबत्तीस होतो. दोन्ही गाड्या उंच, दोन्ही चारही चाकांवर ओढणाऱ्या, पण नुसत्या टायरच्या रुंदीनं पाण्यात जवळजवळ एकतृतीयांशाचा फरक पडला. कंपनीतून आलेले टायर काढून आणखी रुंद बसवायची हौस इथे भारी आहे. त्या हौसेचा पहिला हप्ता काच भरते.

खाचांनी उचललेल्या पाण्याची गंमत समजून घेण्यासारखी आहे, कारण बाजारातले अर्धे उपाय ती न समजता विकले जातात. गाडी पुढे जाताना चाकाचा मागचा भाग खालून वर चढत असतो आणि माथ्यावर आला की पुढे वळतो. म्हणजे चाकाच्या मागच्या वरच्या पावात सुटलेलं पाणी वर आणि पुढे, दोन्ही दिशांना जातं. अगदी माथ्यावरून सुटलेलं पाणी तर जमिनीच्या हिशेबानं गाडीच्या दुप्पट वेगानं पुढे धावतं. ते गाडीला मागे टाकतं, समोर हवेच्या विरोधानं मंदावतं आणि मागून येणारी तीच गाडी त्याच्यावर काच घेऊन आदळते. नेहमीच्या गाडीत हे होत नाही, कारण चाकावर फेंडरची कमान असते आणि सारं पाणी आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर आपटून खाली गळतं.

ही कमान किती झाकणारी हवी, याचाही नियम आहे. युरोपात तो १९७८ पासून आहे. चाकाच्या मध्यातून सरळ वर रेघ ओढली तर तिच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या टप्प्यात टायरची पूर्ण रुंदी झाकली गेली पाहिजे. हे ८० अंश उगाच निवडलेले नाहीत. वर-पुढे फेकलं जाणारं पाणी बरंचसं याच टप्प्यात सुटतं. कंपनी ही अट सांभाळूनच गाडी बाहेर काढते. मग गाडी राणीगंजच्या एखाद्या दुकानासमोर उभी राहते, चाकं बाहेर आलेली दिसावीत म्हणून कमी ऑफसेटचे अलॉय किंवा स्पेसर लागतात आणि टायरचा तीन-चार बोटं रुंदीचा पट्टा फेंडरच्या बाहेर येतो. त्या पट्ट्यावर आता छत नाही. तो पट्टा जे पाणी, चिखल, खडे उचलतो ते सरळ आरसे, बाजूची काच आणि पुढच्या काचेचे दोन्ही खालचे कोपरे यांच्याकडे जातं. डबक्यात न शिरताही, नुसत्या ओल्या रस्त्यावर काचेच्या कडा सतत चिखलाळत असतील, तर आधी गाडीच्या समोर उभं राहून टायर फेंडरबाहेर दिसतो का ते पाहावं. हा तपास फुकटात होतो.

सस्पेन्शन उंच करून घेण्याचाही असाच परिणाम होतो. टायर आणि कमान यांच्यातली फट वाढते, पाण्याला वळसा घालून निसटायला जागा मिळते. कायद्याच्या बाजूनंही यात अडचण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल सांगतो, की कंपनीनं नोंदवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. हा निकाल बहुतेक मालकांना फक्त दंडाच्या भीतीनं माहीत असतो. फेंडरबाहेर आलेला टायर हा दिसण्याचा प्रश्न नसून दिसेनासं होण्याचा आहे, हे कुणी सांगत नाही. बदल करायचाच झाला तर कंपनीनं मंजूर केलेला टायर आणि त्याची पूर्ण रुंदी झाकणारी, कंपनीच्याच यादीतली कमानीवरची पट्टी एवढ्यावर थांबावं. या पट्टीला दुकानात क्लॅडिंग किंवा फेंडर फ्लेअर म्हणतात. ती शोभेची नाही. उंच गाडीवर सगळ्यांत कामाची प्लॅस्टिकची वस्तू तीच.

दुसरी वाट पुढच्या लाटेची. ठेंगण्या गाडीचा बंपर चाकाच्या पुढे चांगला खाली उतरलेला असतो. टायरनं समोर ढकललेलं पाणी उसळलं की बंपरच्या आतल्या अंगावर आपटतं आणि मान खाली घालतं. उंच गाडीत बंपर मुद्दाम वर उचललेला असतो, कारण चढाच्या पायथ्याशी तो घासू नये. थारचा पुढचा चढकोन सुमारे ४२ अंशांचा आहे, म्हणजे समोरून पाहिलं तर बंपरखाली टायरचा बराच भाग उघडा. खडकावर चढायला ही रचना उत्तम, पण डबक्यात टायरनं उडवलेली पुढची लाट याच उघड्या भागातून निघते आणि बंपरच्या पुढून वर येते. त्यात बॉनेट आखूड आणि काच जवळजवळ उभी. आडव्या पडलेल्या काचेवरून वारा पाणी वर लोटून नेतो, उभ्या काचेवर ते आपटून तिथेच ओघळतं. कुणी कंपनीचा बंपर काढून लोखंडी, आखूड, दोन्ही टोकांना कापलेला बंपर लावतो तेव्हा उरलासुरला आडोसाही जातो. बंपरपुढे लावतात त्या नळकांड्यांच्या बुलबारवर केंद्राच्या रस्ते मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली आहे. ती पादचाऱ्यांच्या आणि एअरबॅगच्या सुरक्षेसाठी होती, पाण्याशी तिचा संबंध नाही. पण बुलबारमुळे पाणी फुटतं आणि काच वाचते, असं छातीठोक सांगणारे भेटतात. नळकांड्यांच्या जाळीनं लाट अडत नाही.

या घडणीचा उगम जीपमध्ये आहे. जीपची बाहेर काढलेली चाकं, सपाट फेंडर, उभी आणि पुढे दुमडता येणारी काच हे सारं दुसऱ्या महायुद्धातल्या सैन्यासाठी ठरलं, तिथे काच कोरडी राहण्याची अपेक्षाच नव्हती. भारतात ज्या कंपनीनं ती घडण आणली तिचं पहिलं नाव, १९४५ मधलं, महिंद्रा अँड मोहम्मद. यातले मोहम्मद म्हणजे गुलाम मोहम्मद, १९४० च्या दशकात निजामाचे अर्थमंत्री राहिलेले आणि फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झालेले. १९४७ मध्ये कंपनीनं मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, १९४८ मध्ये नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. हैदराबादच्या रस्त्यावर आज जी थार दिसते ती नाशिकच्या कारखान्यातून येते आणि तिची स्पर्धक गुरखा पुण्याच्या फोर्स मोटर्सची. उभ्या काचेची हौस आपल्याच मुलखातून दक्षिणेला गेली म्हणायची.

वेगाबद्दल आता हिशेबानं बोलू, कारण सगळ्या उपायांमध्ये हाच एक फुकट आणि खात्रीचा आहे. गाडीच्या वेगानं सरळ वर उडालेलं पाणी, हवेचा विरोध सोडून दिला तर, ताशी ६० ला १४ मीटर चढेल, ४० ला सहा मीटर, ३० ला साडेतीन, २० ला दीड मीटरच्या आसपास आणि १५ ला ९० सेंटीमीटरच्याही आत. प्रत्यक्षात पाणी फुटतं, विखुरतं, त्यामुळे ते एवढं चढत नाही, पण प्रमाण हेच राहतं. उंच गाडीची काच जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास सुरू होते. म्हणजे ताशी १५ च्या वेगात पुढच्या चाकाच्या पाण्यात काचेपर्यंत पोचायचं बळच नसतं. २० ला थोडंफार पोचेल. ३० ला नक्की. वेग अर्धा केला की चढण्याची उंची पाव होते, निम्मी नव्हे. ६० वरून ४० वर येऊन आपण जपून चालवतोय असं वाटणाऱ्याची काच म्हणूनच भिजते.

हे झालं चार बोटं पाण्याचं. गुडघाभर पाण्यात नियम बदलतो. तिथे टायर पाणी उडवत नाही, गाडीचं अख्खं नाक पाणी ढकलतं. उथळ पाण्यात लाट किती वेगानं पळू शकते हे खोलीवर ठरतं. ३० सेंटीमीटर पाण्यात ताशी सहा किलोमीटर, अर्ध्या मीटरमध्ये आठ. गाडीचा वेग याहून जास्त झाला की लाट पुढे पळून जाऊ शकत नाही, ती नाकाशी साचत जाते, बॉनेटवर चढते आणि वायपरच्या मुळाशी येऊन थडकते. पाण्यातून माणसाच्या चालीनं जा, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते याच हिशेबाशी जुळतं. ताशी दहाच्या वेगात नाकाशी पाणी जवळजवळ ४० सेंटीमीटर उंच साचू शकतं. कंपनी जी खोली सांगते, थारसाठी ६५० मिलिमीटर, गुरखासाठी ७००, ती संथ पाण्यातून संथपणे जाण्याची आहे. मलकपेटच्या पुलाखाली समोरून बस येत असेल तर तिची लाट आपल्या लाटेत मिळते आणि तो आकडा कागदावर राहतो. गुरखाला कंपनीकडूनच स्नॉर्केल मिळतो. त्यानं इंजिनात जाणारी हवा वरून घेतली जाते, इंजिन वाचतं. काचेला त्याचा काही लाभ नाही.

मडफ्लॅपचा गैरसमज सर्वांत व्यापक आहे. पुढच्या चाकामागे लावलेला फ्लॅप दरवाजे, पायरी आणि गाडीचं पोट वाचवतो, मागच्या चाकामागचा फ्लॅप मागच्या गाडीची काच वाचवतो. स्वतःच्या पुढच्या काचेसाठी दोन्हींचा वाटा नगण्य, कारण तिच्यावर येणारं पाणी चाकाच्या पुढून आणि माथ्यावरून येतं. ज्यांना खरंच फरक हवा त्यांनी उलट्या बाजूला पाहावं. पुढच्या टायरच्या पुढे, बंपरच्या खालच्या कडेला, बऱ्याच नव्या गाड्यांना एक छोटी रबरी किंवा प्लॅस्टिकची पट्टी असते. वाऱ्यासाठी दिलेली ही पट्टी पाण्यालाही थोडं खाली वळवते. गाडी स्पीडब्रेकरवर घासते म्हणून ती पहिल्याच वर्षी निखळते आणि मेकॅनिक ती गरजेची नाही म्हणून फेकून देतो. तीच गत कमानीतल्या अस्तराची. त्याच्या दोन क्लिपा तुटल्या की अस्तर लोंबतं, टायरला घासतं आणि मग कापून टाकलं जातं. त्यानंतर पाणी थेट बॉनेटखाली, दिव्यांच्या मागे आणि बॉनेटच्या फटीतून काचेच्या बुडाशी पोचतं. क्लिपा बसवून घेणं हे दहा मिनिटांचं आणि किरकोळ पैशांचं काम आहे.

बॉनेटच्या टोकाला लावतात ती काळी अक्रिलिकची पट्टी हायवेवर किडे आणि तुषार थोडे वर वळवते. डबक्यातून आलेल्या लाटेपुढे तिचं काही चालत नाही.

शहराबाहेर पडलं की काचेवरचं पाणी आपलं उरत नाही, दुसऱ्याचं होतं. नेहरू बाह्यवळण रस्ता १५८ किलोमीटरचा, आठ पदरी, आतल्या पदरांवर १२० ची मुभा. सोलापूरकडून जहीराबादमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग ६५, नांदेडकडून येणारा १६१, नागपूरचा ४४, हे सगळे थेट किंवा एकमेकांतून त्याला येऊन मिळतात आणि त्यांच्यावरचे ट्रकही. साधारण ५० च्या पुढे गेलं की चाकाला चिकटलेल्या पाण्याचे तुषार हवेत तरंगू लागतात आणि अठरा चाकांच्या ट्रेलरमागे धुक्याची भिंत तयार होते. उंच गाडीला इथे एक फायदा आहे, चालकाची नजर त्या धुक्याच्या दाट थरापेक्षा थोडी वर असते. पण या फायद्यावर विसंबून तो ट्रकच्या जवळ जातो, आणि ट्रकच्या टपावरून घसरलेलं पाणी वरून मिळतं. ओल्या रस्त्यावर चार सेकंदांचं अंतर राखलं तर ८० च्या वेगात ते ८९ मीटर होतं. आपल्याकडे एवढं अंतर ठेवलं की मधे दोन गाड्या घुसतात, हे मान्य. तरी अंतर सोडून दुसरं काही या तुषारांवर चालत नाही.

युरोपानं ही जबाबदारी ट्रकवर टाकली. १९९१ च्या निर्देशापासून तिथल्या अवजड वाहनांच्या कमानीत आणि फ्लॅपवर पाणी शोषून खाली सोडणारं अस्तर लागतं. काही अस्तरं गवतासारख्या प्लॅस्टिकच्या तंतूंची असतात. वेगानं येणारा थेंब गुळगुळीत पत्र्यावर आपटला तर फुटून तुषार होतो, तंतूंमध्ये शिरला तर ओघळतो. आपल्या ट्रकांचे रबरी फ्लॅप हा रंगकामाचा सुंदर नमुना असतो. राक्षसाचं तोंड, कमळ, काळी वेणी. पण ते इतके वर बांधलेले असतात की टायरचं खालचं पाणी त्यांच्या खालून निघून जातं.

आता काच. सगळ्यांत जास्त पैसा लोक इथे घालतात आणि मला वाटतं, सगळ्यांत शेवटी घालायला हवा. पाणी झटकणारा लेप काचेवर दिला की पावसाचे थेंब मण्यांसारखे गोळा होतात आणि वाऱ्यानं वर पळतात. हे ६० च्या पुढे सुरेख चालतं. बेगमपेटहून पंजागुट्ट्याला पावसात जाताना गाडीला ६० गाठायची संधी मिळाली तर कळवावं. शिवाय डबक्यातलं पाणी पावसासारखं स्वच्छ नसतं. लेपावर त्याचे मणी झाले की ते जागीच सुकतात आणि प्रत्येक मण्याचा एक मातकट ठिपका उरतो. रात्री समोरून पांढरे एलईडी आले की हे ठिपके एकेक करून पेटतात. हायवेवर रोज जाणाऱ्यानं लेप जरूर द्यावा. शहरात फिरणाऱ्यानं ते पैसे वायपरच्या रबरावर घालावेत.

वायपरच्या रबराचा शत्रू पाऊस नव्हे, उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो, गाडी उघड्यावर उभी असते, रबराची कड तापलेल्या काचेला चिकटून कडक होते आणि जूनमध्ये पहिल्या सरीला रेघा ओढते. म्हणून पाती बदलायची तर मृगाच्या तोंडावर, दिवाळीला नव्हे. दुसरी गोष्ट मातीची. हैदराबाद ग्रॅनाइटवर बसलं आहे. इथल्या डबक्यात मुरमाची बारीक कच असते आणि बांधकामांच्या ट्रकांनी सांडलेली खडीची भुकटी. मराठवाड्यातली काळी माती काचेवर लोण्यासारखी पसरते, नकोशी वाटते, पण ओरखडत नाही. ही कच ओरखडते. गढूळ पाणी आल्याबरोबर वायपर फिरवला की तीच कच काचेवर घासली जाते, आणि दोन पावसाळ्यांत पात्याच्या कमानीच्या आकाराचे ओरखडे पडतात. आधी वॉशरचं पाणी, मग वायपर. बहुतेक गाड्यांत वॉशरची दांडी ओढली की दोन्ही एका झटक्यात होतं, फक्त टाकी भरलेली हवी. पावसाळ्यात टाकीत पाणी कशाला, पाऊस आहेच की, असं म्हणणारे थोडे नाहीत. आणि डबकं दिसताच, पाणी उडायच्या आधी वॉशरसह वायपर चालू करावा. सुरुवातीला मोजलेल्या दोन सेकंदांतला मोठा भाग यानं वाचतो.

वर जे काही सांगितलं ते रस्त्यावर पाणी साचणारच हे धरून. तसं ते का साचतं, हा प्रश्न हैदराबादला शंभराहून अधिक वर्षं पडलेला आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुरानं शहराचा मोठा भाग वाहून नेला, हजारो माणसं गेली. निजामानं मुंबई इलाख्याच्या सेवेतून नुकतेच बाहेर पडलेले, पुण्यात शिकलेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे नावाजलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावलं. त्यांनी नदीच्या वरच्या अंगाला जलाशय आणि शहरात गटारांची नीट व्यवस्था सुचवली. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाले. नदीवर उपाय झाला, नाल्यांचा प्रश्न पुढच्या पिढ्यांवर सोपवला गेला. २४ ऑगस्ट २००० रोजी बेगमपेटला एका दिवसात २४ सेंटीमीटर पाऊस पडला. त्यानंतर किर्लोस्कर कन्सल्टंट्सनी नाले रुंद करण्याचा आराखडा दिला. रुंद करायच्या नाल्यांच्या काठावर तोवर घरं उभी होती. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री घटकेसरच्या बाजूला ३० सेंटीमीटरहून जास्त पाऊस झाला आणि गाड्या एकमेकींवर चढलेल्या दिसल्या. मग महापालिकेनं नाल्यांचा स्वतंत्र विकास कार्यक्रम हाती घेतला. जुलै २०२४ मध्ये हैड्रा ही आपत्ती निवारण आणि सरकारी मालमत्ता रक्षणाची यंत्रणा आली. राजभवन रस्ता, सोमाजीगुडा अशा ठिकाणी पावसाचं पाणी तात्पुरतं साठवायला रस्त्याखाली टाक्या बांधल्या गेल्या. टाकीचा विचार मला पटतो, कारण या शहरात पाऊस तासाभरात कोसळून थांबतो, तेवढा वेळ पाणी कुठेतरी ठेवता आलं तरी चौक सुटतो.

काचेपुरतं बोलायचं तर नाल्याइतकाच रस्त्याचा उतार महत्त्वाचा. मध्यापासून कडेला दोन ते अडीच टक्के उतार असला तर साडेतीन मीटरच्या एका पदरात पाणी सात-आठ सेंटीमीटर खाली उतरतं आणि कडेच्या जाळीत जातं. पण जुन्या डांबरावर नवा थर, त्यावर पुन्हा थर असं करत रस्ता सपाट झाला, जाळी खाली दबली आणि पाणी चाकाच्या वाटेतच बसू लागलं. नेदरलँड्समध्ये हायवेवर सच्छिद्र डांबर वापरतात, पाणी पृष्ठभागावर न राहता आत जिरून कडेनं निघतं आणि तुषार फार कमी उडतात. हैदराबादच्या धुळीत ती छिद्रं किती महिने उघडी राहतील याविषयी मी फार आशावादी नाही. जाळ्या रस्त्याच्या पातळीला आणणं आणि पावसाच्या आधी त्यांच्यातली माती काढणं यात नवं काही नाही आणि फोटोही चांगला येत नाही. कदाचित म्हणूनच ते मागे पडतं.

आणि बाजूची लाट. आपल्या काचेसाठी तिचा हिशेब लागत नाही म्हणून वर तिला बाजूला ठेवलं होतं, पण उंच गाडीचा रुंद टायर सर्वांत जास्त पाणी तिकडेच देतो. ते घेणाऱ्या दुचाकीस्वाराच्या हेल्मेटला वायपर नसतो. जपानच्या वाहतूक कायद्यात यासाठी वेगळं कलम आहे. डबक्यातून जाताना वेग कमी करून दुसऱ्यावर पाणी उडणार नाही याची काळजी घ्यायची, नाहीतर साध्या मोटारीला ६,००० येन दंड. हैदराबादेत असा दंड वसूल करायला चौकात पोलीस उभा हवा, आणि जोराच्या पावसात इथला वाहतूक पोलीस बहुतेकदा गुडघाभर पाण्यात वाकून हातानं जाळीतला कचरा काढत असतो.